टाच शेवटी विणायची: मोज्यांच्या लोकरीसाठी कुलू ते केलाँग

मी विणलेले पहिले चांगले मोजे पाच आठवडे टिकले. मऊसूत मेरिनो मेंढीची लोकर, 64 टाके, अडीच मिलिमीटरच्या सुया. रोज रात्री जेवणं आटपल्यावर थोडं थोडं विणत दीड महिना लागला होता. पाचव्या आठवड्यात उजव्या टाचेतून माझीच कातडी दिसायला लागली. आत्याने तो मोजा उजेडासमोर धरला आणि म्हणाली, "लोकर शालीची, काम पायाचं. कसं टिकेल गं?"

विणकाम मला आत्यानेच शिकवलं. ती शिकली नगरच्या मिशनच्या शाळेतल्या बाईंकडून, साठीच्या दशकात. लोकर कुठून येते, कशी कातली जाते, हे तिलाही एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. मग आम्ही दोघी दसरा झाल्यावर निघालो: पुण्याहून विमानाने चंडीगड, तिथून रात्रीच्या बसने कुलू. भुंतरला विमानतळ आहे, पण तिथे लहान विमानं येतात आणि हवा बिघडली की रद्द होतात. परतीची तारीख पक्की असेल तर बसचाच भरवसा धरा. विणायच्या सुया विमानात हातातल्या पिशवीत ठेवू नका, मोठ्या सामानात द्या. तपासणीला एखादा सोडतो, एखादा काढून ठेवतो, आणि अर्ध्या विणलेल्या मोज्यातून सुया उपसून द्यायची वेळ कुणावरही येऊ नये.

कुलूचा दसरा आपला संपतो त्या दिवशी सुरू होतो आणि सात दिवस चालतो. ढालपूर मैदानावरची दुकानं मात्र त्यानंतरही बरेच दिवस मांडलेली असतात. आम्ही पोचलो तेव्हा देवांच्या पालख्या आपापल्या गावी परतल्या होत्या, गर्दी ओसरली होती आणि दुकानदारांना बोलायला सवड होती. लोकर घ्यायची असेल तर हेच दिवस धरा.

आता एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे तुमचा आमच्यासारखा अर्धा दिवस जाणार नाही. कुलू हा विणकरांचा गाव आहे, पण ते विणकर मागावरचे. शाली, पट्टू म्हणजे बायका अंगाभोवती गुंडाळतात ते लोकरी वस्त्र, टोप्यांच्या पट्ट्या. भुट्टी विणकरांची सहकारी संस्था, भुट्टिको, 1944 सालची आहे. भुंतरजवळ शमशीला त्यांची वसाहत आहे आणि माग बघायला तिथे जरूर जावं. पण बाजारात लोकर मागितली की पुढे येतं ते मागाचं सूत, कोनावर गुंडाळलेलं, केसासारखं बारीक. सुताचा नंबर विचारा. 2/48 म्हणाले, तर 100 ग्रॅममध्ये साधारण 2400 मीटर धागा. मोज्यांच्या लोकरीत 100 ग्रॅमला 400 मीटरच्या आसपास असतो. म्हणजे मोज्याची जाडी यायला या सुताचे सहा पदर एकत्र धरावे लागतील. आत्याने तिथल्या तिथे सहा पदर बोटाला गुंडाळून बघितले. एक पदर सारखा मागे राहत होता. सूत सुंदर होतं, गळपट्ट्यासाठी मी थोडं घेतलंही. मोज्यासाठी त्याच्या वाटेला जाऊ नका.

मोज्याला लागते ती देशी लोकर, हाताने कातलेली, लडीत वजनावर मिळणारी. ती दर्शनी दुकानात नसते. कुलूच्याच अखाडा बाजारात दोन-तीन ठिकाणी विचारत गेल्यावर एका दुकानदाराने माळ्यावरून पोतं उतरवलं. करडी, तपकिरी, दुधी. हातात घेतली तर खरखरीत, मेंढीचा वास असलेली, मध्येच गवताची काडी. मी मागे सरले. आत्याने एक धागा ओढला, पीळ उलटा फिरवून पदर मोजले, मग दोन्ही मुठीत धरून ताणला. "तीन पदर आहेत, पीळ घट्ट आहे. हिचेच मोजे होतील." गळ्याला टोचणारी लोकर तळपायाला टोचत नाही, आणि जी गळ्याला लोण्यासारखी लागते ती टाचेखाली पिठासारखी झिजते. माझ्या मेरिनोत एकच पदर होता आणि पीळ सैल. पाच आठवड्यांचं उत्तर मला त्या पोत्याशी उभं राहून मिळालं.

लोकर "शंभर टक्के प्युअर" आहे हे वाक्य मात्र प्रत्येक दुकानात ऐकाल. मनालीत एका ठिकाणी मी रंगावर भाळले. खोल जांभळा, वर चिठ्ठी शुद्ध लोकरीची. चार लड्या घेतल्या. खोलीवर येऊन आत्याने टोक जाळलं तर धागा वितळून काळा कडक मणी झाला. म्हणजे अ‍ॅक्रिलिक. खरी लोकर केस जळल्यासारखा वास मारते, ज्योत काढली की विझते आणि राख चिमटीत भुगा होते. दुकानातच वीतभर धागा मागा, बाहेर येऊन जाळून बघा आणि मग पैसे द्या. खरा माल ठेवणारा दुकानदार यात काही वावगं मानत नाही. अखाडा बाजारातल्याने तर स्वतःच काडेपेटी पुढे केली होती. लाल आणि जांभळ्या रंगासाठी आणखी एक: ओला पांढरा रुमाल लडीवर दाबा. रंग रुमालावर आला तर तो उद्या तुमच्या पायावरही येईल.

हिडिंबा देवीच्या मंदिराबाहेर पांढरे अंगोरा ससे घेऊन बायका फोटोसाठी उभ्या असतात, आणि जवळपास अंगोराची लोकरही मिळते. मोज्यांना ती नको. तिला ताण नाही, केस गळतात आणि घासली की लगेच गोळे धरते. टोपीच्या काठाला घ्या.

मनालीहून केलाँगला, म्हणजे लाहौलच्या मुख्य गावी, जायचा बेत आत्याचा. लाहौलच्या हातविणीच्या मोज्यांना आणि हातमोज्यांना भौगोलिक मानांकन मिळालंय, हे तिने कात्रण कापून ठेवलं होतं. पूर्वी रोहतांग ओलांडून जावं लागे आणि हिवाळ्यात खिंड बर्फाखाली गेली की पलीकडचा मुलूख काही महिने तुटलेला असे. 3 ऑक्टोबर 2020 ला अटल बोगदा सुरू झाला. 9.02 किलोमीटरचा बोगदा पार केला की झाडं विरळ होतात, उघडे डोंगर सुरू होतात. मनालीहून एसटीसारख्या सरकारी बसगाड्या जातात, जीपही मिळते. रस्त्याची अडचण नाही, उंचीची आहे. केलाँग 3000 मीटरच्या वर आहे, मनालीपेक्षा हजारेक मीटर उंच, आणि बोगद्यामुळे ही चढण दोन-तीन तासांत संपते. शरीराला त्याचा पत्ता उशिरा लागतो. आत्याचं डोकं संध्याकाळी ठणकायला लागलं, जिना चढताना धाप लागली. पहिला दिवस काही करू नका. पाणी प्या, गरम जेवा, झोपा. साठीच्या पुढच्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. रोख पैसे मनालीतून घेऊन जा. ऑक्टोबर संपत आला की केलाँगची बरीच हॉटेलं बंद होतात, तेव्हा फोन करूनच निघा.

दुसऱ्या दिवशी उन्हात, बाजाराच्या रस्त्याला लागून एका घराच्या पायरीवर एक बाई मोजा विणत बसलेल्या दिसल्या. पंचावन्न-साठीच्या असतील. आत्या सरळ जाऊन शेजारी बसली आणि पिशवीतून आपलं विणकाम काढलं. ओळख करून द्यायला एवढं पुरलं. "जुले" झालं, म्हणजे तिकडचा नमस्कार, चहा आला. आपण टाके म्हणतो, त्या फंदे म्हणतात. आपल्या सुया, त्यांच्या सलाया. मोजा म्हणजे जुराब. बाकी हात बोलत होते.

चार सुयांवर टाके वाटलेले, पाचवीने विणत होत्या. पांढऱ्यावर लाल, हिरव्या, पिवळ्या पट्ट्यापट्ट्यांची नक्षी, कुठेही कागद नाही. मोज्याला टाच मात्र नव्हती. पायाची सरळ नळी, आणि टाचेच्या जागी आडवा एक निळा धागा. आत्याने निळ्या धाग्यावर बोट ठेवलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "एडी आखिर में, दीदी. पहले वही फटती है."

टाच शेवटी, कारण आधी तीच फाटते. झिजली की तेवढीच उसवून नवी घालायची, नक्षी तशीच राहते. मी कोपऱ्यातून वळवत, टाके उचलत जी टाच विणत होते ती मोज्याच्या अंगात गुंतलेली होती. ती गेली की मोजाच गेला. चाळीस मिनिटं त्यांनी टाच विणून दाखवली, आणि विणताना लोकरीबरोबर नायलॉनचा एक बारीक धागा जोडीने धरला होता, टाचेपुरताच.

घरी आल्यावर मी ती अशी विणते. जाड देशी लोकरीला 3 मिलिमीटरच्या सुया आणि 48 टाके. पावलाचा घेर 22 सेंटिमीटर असेल तर मोजा 20 सेंटिमीटरचा ठेवावा, म्हणजे पायाला धरून बसतो. 10 सेंटिमीटरला 24 टाके पडत असतील तर हिशेब 48 वर येतो. टाचेच्या जागी पोचलं की निम्मे, म्हणजे 24 टाके वेगळ्या रंगाच्या गुळगुळीत धाग्याने विणायचे, ते तसेच मागच्या सुईवर परत घ्यायचे आणि मोज्याच्या लोकरीने पुन्हा त्यांच्यावरून विणून पुढे जायचं. मोजा पुरा झाल्यावर तो धागा हलक्या हाताने काढला की वर-खाली मिळून 48 टाके मोकळे होतात. ते चार सुयांवर घ्या, दोन्ही कोपऱ्यांत एकेक जादा टाका उचला, नाहीतर तिथे भोक राहतं. पुढच्या फेरीत तो शेजारच्या टाक्यात मिळवून टाका. मग एक फेरी साधी, एका फेरीत चार टाके कमी, असं 16 टाके उरेपर्यंत. शेवटी जाड सुईने समोरासमोरचे टाके शिवण दिसणार नाही असे जोडायचे. रंगीत धागा सुती घ्या. लोकरीचा घेतला तर तंतू अडकतात आणि निघताना टाके ओढले जातात.

चहा पिताना आत्याने त्यांना विचारलं, विणायला कुणी शिकवलं. आईने, आईला तिच्या आईने. केलाँगला 1850च्या दशकात मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाचे मिशनरी आले, त्यांतल्या मारिया हायडे यांनी इथल्या बायकांना विणकाम शिकवलं, हे मी वाचलं होतं, ते आत्याला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आमच्या बाईंचीच जातकुळी की गं." नगरची शाळा आणि केलाँगची पायरी तिच्या मनात एकदम शेजारी आल्या.

त्यांच्याकडून आम्ही तीन जोड घेतले, 900 रुपयांना एक. घासाघीस करू नका. एक जोड विणायला किती संध्याकाळी जातात हे आपल्याला माहीत आहे. पण विकत घेताना मोजा पायात घालून बघाच. दोन-तीन रंगांच्या विणीला एकरंगी विणीसारखा ताण नसतो, आणि पाऊल आत गेलं तरी टाच अडते. मग मोजा उलटा करा. आतून जाणारे रंगांचे धागे लांब लोंबत असतील तर बोटं त्यात अडकतात. चार-पाच टाक्यांपेक्षा लांब नकोत. लोकर की अ‍ॅक्रिलिक, हे सरळ विचारा. आजकाल रंगासाठी बरेच जोड अ‍ॅक्रिलिकचे विणतात. आमच्या बाईंनी न विचारताच सांगितलं होतं, पांढरी लोकर घरची, रंग बाजारचे.

लोकर किती आणायची? जाड लोकरीत बायकांच्या एका जोडाला 100 ग्रॅम, पुरुषांच्याला दीडशेपर्यंत. हाताने कातलेली लडी पुन्हा त्याच रंगाची मिळत नाही, म्हणून एक लडी जादा घ्या. घरी आणल्यावर विणण्याआधी कोमट पाण्यात शाम्पू घालून अर्धा तास भिजत ठेवा, चोळू नका, पिळू नका, टॉवेलात दाबून सावलीत वाळवा. काड्या, माती, वास, सगळं निघून जातं आणि धागा फुलतो. आधीच्या लोकरीत ही मिसळू नका. कीड असेल तर पेटीभर होते. मी महिनाभर वेगळ्या डब्यात ठेवली होती, लवंगा घालून. तयार मोजे वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, आटून लहान मुलाचे होतात.

सध्या सुयांवर आत्याचे मोजे आहेत, करड्या लोकरीचे. पहिल्याचा पाय झाला, बोटं मिटली. टाचेच्या जागी लाल सुती धागा आहे. टाच कुठल्या रंगाची हवी हे तिचं अजून ठरत नाहीये. काल निळी म्हणाली होती, आज सकाळी फोनवर म्हणाली, दुधीच बरी.