‘टोकियो ड्रिफ्ट’ नेमका कधी लावायचा?

‘फास्ट अँड फ्यूरियस’ ही हॉलीवूडची सिनेमामालिका पहिल्यापासून बघायला घेतलेल्यांचं गाडं हमखास तिसऱ्या भागापाशी अडतं. दहा मुख्य सिनेमे, बाजूला फुटलेली एक फांदी, दोन लघुपट, आणि एवढ्या पसाऱ्यात जागा सोडून बसलेला सिनेमा एकच: २००६ सालचा ‘टोकियो ड्रिफ्ट’. बाकीचे ज्या क्रमानं थिएटरात आले त्याच क्रमानं घडतात. हा आला तिसरा आणि घडतो सहाव्यानंतर.

उत्तर आधीच देऊन टाकतो, कारण पुढे गोष्ट फोडावी लागणार आहे. पहिल्यांदा बघत असाल तर १, २, ४, ५, ६, मग ३, मग ७, ८, ९, १०. ‘हॉब्स अँड शॉ’ ही बाजूची फांदी बघायचीच असेल तर ८ आणि ९ च्या मध्ये. यात पथ्य एकच. सहाव्याच्या शेवटी घरामागच्या अंगणात सगळे जेवायला बसतात आणि टोळीतला रोमन प्रार्थना म्हणतो. ती पंगत संपली की सिनेमा थांबवायचा. त्यानंतर टोकियोतला एक छोटा प्रसंग आहे, तो तेव्हा बघायचा नाही. तिसरा संपवून परत यायचं, तो प्रसंग बघायचा आणि लगेच सातवा लावायचा. ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही त्यांनी वाचणं इथंच थांबवावं, कारण आता हान या पात्राबद्दल बोलायचंय.

सगळी मेख हानच्या अपघातात आहे. तिसऱ्या भागात पाठलाग चालू असताना शिबुयाच्या चौकात त्याच्या नारिंगी-काळ्या माझदा आरएक्स-७ ला बाजूनं एक गाडी धडकते, आरएक्स-७ उलटते आणि पेटते. २००६ मध्ये तो निव्वळ अपघात होता. पण हा शांत, सतत काहीतरी चघळणारा माणूस लोकांना आवडला, आणि दिग्दर्शक जस्टिन लिननं २००९ च्या चौथ्या भागात त्याला जिवंत परत आणलं. मेलेला माणूस परत आणायचा तर गोष्ट त्याच्या मरणाआधी घडायला हवी. म्हणून चौथा, पाचवा आणि सहावा हे तिन्ही ‘टोकियो ड्रिफ्ट’च्या अलीकडचे ठरले. मग सहाव्याच्या त्या शेवटच्या प्रसंगात तोच अपघात पुन्हा दाखवला, या वेळी धडक देणाऱ्याच्या चेहऱ्यासकट. तो डेकार्ड शॉ, म्हणजे जेसन स्टेथम. धडक मुद्दाम दिलेली होती.

पंगतीनंतर थांबायला सांगतो ते यासाठीच. सहावा पूर्ण बघून तिसरा लावला, तर पावणेदोन तास तुम्ही एकाच गोष्टीची वाट बघत बसता: आता धडकेल, मग धडकेल. तो सिनेमा शॉनचा आहे, अमेरिकेतून नौदलातल्या वडिलांकडे टोकियोला पाठवलेल्या एका शाळकरी पोराचा, आणि त्याच्याकडे तुमचं लक्षच जात नाही. प्रसंग मागे ठेवला की तिसऱ्यातला अपघात २००६ च्या प्रेक्षकाला बसला तसाच अचानक बसतो. लगेच तो प्रसंग बघितला की अपघाताचा खून होतो, आणि सातवा त्याच धाग्यावर सुरू होतो. तिसऱ्याच्या शेवटी मालिकेचा नायक डॉम (व्हिन डिझेल) टोकियोत उगवतो, आणि सातव्याच्या सुरुवातीच्या भागात तीच रात्र पुढे चालू होते. दोन्ही सिनेमे लागोपाठ, शक्यतो एकाच दिवशी बघितले तर हा सांधा जाणवतो. मध्ये आठवडा गेला तर शॉन कोण हेच आठवत नाही.

तरी प्रदर्शनक्रमाची बाजू लंगडी नाही. आले तसे बघितले तर तिसऱ्याच्या शेवटी डॉमचं दिसणं हा खरा धक्का असतो, कारण दुसऱ्या भागात तो अजिबात नाही. पहिल्यानंतर तो एकदम तिथंच भेटतो. माझ्या क्रमात हा धक्का वाया जातो, हे कबूल. शिवाय हान मरणार हे ठाऊक असलं की पुढच्या तीन भागांत ‘टोकियो’ हा शब्द आला की पोटात कालवतं. चौथ्याच्या सुरुवातीला हान डॉमला सांगतो की टोकियोत म्हणे भलतंच काय काय चाललंय. पाचव्याच्या शेवटी गाडीत त्याची प्रेयसी जिझेल त्याला टोकियोबद्दल विचारते आणि तो म्हणतो, जाऊ की, कधीतरी. सहाव्याच्या शेवटी तो एकटाच निघतो, कारण जिझेल उरलेली नसते. ही खोच प्रदर्शनक्रमातच नीट लागते.

मग उलटा क्रम का सुचवतो? कारण २००९ मध्ये चौथा बघणाऱ्यांचा जो गोंधळ झाला तो आजही होतो. मेलेला हान टँकर लुटताना दिसतो, आणि हे आधीचं आहे असं सांगणारं त्या टोकियोच्या एका वाक्यापलीकडे काही नाही. अनेकांना तो वेगळाच माणूस वाटतो, काहींना चूक वाटते. हिंदी डबिंगमध्ये अशी ओझरती वाक्यं आणखी सहज निसटतात. शिवाय कालक्रमानं बघितलं की तिसऱ्यातला हान वेगळा दिसतो. गच्चीवर उभा राहून तो शॉनला म्हणतो की निर्णय घ्यायचा आणि मागं वळून बघायचं नाही. जिझेल माहीत नसेल तर हे तोंडावर फेकलेलं एक वाक्य आहे. सहावा बघून आलात तर तो कुणाबद्दल बोलतोय ते कळतं. लिहिणाऱ्यांच्या मनात २००६ मध्ये जिझेल नव्हतीच, हे खरं. तरी बसतं. चिप्सच्या पुड्याचंही तसंच. पाचव्यात जिझेल ओळखते की हान पूर्वी सिगारेट ओढत असणार, म्हणून हात आणि तोंड सतत गुंतवून ठेवतो. तिसऱ्यात तो पुडा पुन्हा दिसतो तेव्हा ती आठवते.

या क्रमानं बघताना दोन ठिकाणी डोळ्यांत खुपणार, तयारी ठेवा. एक म्हणजे तिसऱ्यातले फोन आणि कपडे. गोष्ट सहाव्यानंतरची, सिनेमा सहाव्याच्या सात वर्षं आधीचा, त्यामुळे सगळ्यांच्या हातात एकाएकी घडीचे फोन येतात. दुसरं शॉनचं वय. लुकस ब्लॅकनं तिसरा केला तेव्हा तो विशीत होता, सातव्यात तिशी ओलांडलेला आहे, आणि गोष्टीत मधे एक रात्रही गेलेली नाही. यावर इलाज नाही. हसायचं आणि पुढं जायचं.

खरा घोळ पुष्कळदा रिमोटवर होतो. ओटीटीवर शोधताना पहिला ‘द फास्ट अँड द फ्यूरियस’ आहे आणि चौथा ‘फास्ट अँड फ्यूरियस’. फरक ‘द’चा. सातव्याच्या नावातून ‘फास्ट’ गळलंय, आठवा कुठे ‘द फेट ऑफ द फ्यूरियस’ तर कुठे नुसता आठ आकडा लावून असतो, नववा ‘एफ९’. नावं बघूच नका, सालं बघा: २००१, २००३, २००६, २००९, २०११, २०१३, २०१५, २०१७, २०२१, २०२३. लांबीवरूनही ओळखता येतं. पहिले चार पावणेदोन तासांच्या आसपास, पाचव्यापासून प्रत्येक सव्वादोन तासांच्या जवळ किंवा पुढे. दहाही मिळून जवळजवळ पावणेएकवीस तास होतात, ‘हॉब्स अँड शॉ’ धरून तेवीस.

दुसरा घोळ शेवटी कलाकार-तंत्रज्ञांची नावं सुरू होताच पुढचा सिनेमा आपोआप लागण्याचा. ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, नाहीतर नावांमधले प्रसंग हुकतात. पाचव्यातला हुकला तर सहावा का सुरू झाला तेच कळत नाही: चौथ्यात मेलेली डॉमची लेटी जिवंत आहे हे तिथं कळतं, आणि सरकारी एजंट हॉब्सला ते दाखवणारी मोनिका ही दुसऱ्या भागातली. पहिल्यात अगदी तळाशी, सगळी नावं सरल्यावर, डॉम मेक्सिकोत गाडी चालवताना दिसतो. नवव्यात आणि दहाव्यातही नावांमध्ये महत्त्वाचं आहे. सातव्यात काही नाही. चॅनेलवर रविवारी दुपारी लागतात तेव्हा नावं बहुतेक कापलेली असतात, त्यामुळे ही मालिका टीव्हीवर तुकड्यातुकड्यानं बघितलेल्यांना लेटीचं कोडं सुटलेलंच नसतं.

दुसरा भाग गाळावा का, असं पुष्कळ जण विचारतात. डॉम नाही, मायामी आहे, रंग भडक आहेत. गाळू नका. रोमन आणि तेज तिथूनच येतात, आणि पाचव्यात ते दोघं रिओला पोचतात तेव्हा हे कोण असं वाटलं तर त्या सिनेमाची अर्धी मजा गेली. लघुपटांपैकी २००३ चा सहा-एक मिनिटांचा आहे, डॉमचा साथीदार ब्रायन लॉस एंजेलिसहून मायामीला कसा पोचला ते सांगणारा. नाही मिळाला तरी अडत नाही. २००९ चा ‘लोस बांदोलेरोस’ मात्र शोधा. सुमारे वीस मिनिटांचा, खुद्द व्हिन डिझेलनं दिग्दर्शित केलेला, बराचसा स्पॅनिशमध्ये. चौथ्याच्या लगेच आधी बघायचा. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या त्या टँकरच्या चोरीमागचं कारण आणि डॉम-हानची ओळख तिथं आहे, आणि आधीचा हान आधीच भेटल्यामुळे चौथ्यात गोंधळ होत नाही. प्रदर्शनक्रमच धरणाऱ्यांना तर हा जास्तच उपयोगी.

सातव्यानंतर थांबायचं का, हाही प्रश्न असतो. चित्रीकरण अर्ध्यात असताना ३० नोव्हेंबर २०१३ ला ब्रायनचं काम करणारा पॉल वॉकर गेला. उरलेलं काम त्याचे भाऊ केलब आणि कोडी यांना उभं करून आणि संगणकाच्या मदतीनं पुरं केलं. दोन रस्ते वेगळे होतात तो शेवट बघून बंद केलं तर काही अपुरं राहत नाही. वेळ कमी असेल तर १, ४, ५, ६, ३, ७ एवढंच बघा आणि दुसऱ्याबद्दलचा माझा वरचा आग्रह विसरा. बारा तासांत उरकतं. एकच संध्याकाळ असेल तर पाचवा, एकटाच.

पुढे जाणाऱ्यांसाठी: आठव्यात हानचा खुनी डेकार्ड शॉ याच मंडळींच्या पंगतीला येऊन बसतो. चाहते यावर इतके उखडले की ‘हानला न्याय द्या’ अशी मोहीमच चालली. नववा त्याला दिलेलं उत्तर आहे, म्हणून आठवा आणि नववा यांच्यामध्ये फार दिवस जाऊ देऊ नका, राग ताजा असावा. ‘हॉब्स अँड शॉ’मध्ये हानचा विषयच नाही, त्यामुळे तो वगळला तरी मुख्य गोष्टीचं काही बिघडत नाही. नवव्यात १९८९ सालचे तुकडे आहेत, डॉमच्या वडिलांच्या शर्यतीचे. कालक्रमाचे कट्टर लोक ते कापून पहिल्याच्या आधी बघायला सांगतात. तसलं काही करू नका. पहिल्या भागात गॅरेजमध्ये डॉम ब्रायनला हीच हकीकत तोंडी सांगतो, आणि ती आधी ऐकून मग वीस वर्षांनी डोळ्यांनी बघण्यात गंमत आहे.

दहावा लावण्याआधी पाचव्याचा तिजोरीचा पाठलाग पुन्हा एकदा बघून घ्या. रिओच्या रस्त्यांवरून दोन गाड्या पोलीस ठाण्यातली अख्खी तिजोरी फरफटत नेतात, तो पुलापर्यंत. दहावा त्याच प्रसंगानं उघडतो, फक्त आता त्यात जेसन मोमोआ घुसवलेला आहे, पाचव्यातला खलनायक रेयेस याचा मुलगा म्हणून. आधीचं ताजं असेल तर तो कुठं कुठं जोडलाय ते पकडता येतं. आणि शेवट मधेच तुटतो, टीव्ही बिघडला असं समजून रिमोट आपटू नका. त्यानंतर नावांमध्ये हॉब्स यायचा आहे.