खुर्चीखालची जागा

"यात खुर्ची कुठंय?" फोटो बघून भाचीनं विचारलं. नाहीये म्हटल्यावर लगेच, "मग बसायचं कुठं?"

फोटो रेचल व्हाइटरीड या ब्रिटिश शिल्पकर्तीच्या १९९५ मधल्या कामाचा. खुर्च्यांखालच्या रिकाम्या जागेचे रेझिनमध्ये (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या पदार्थात) ओतलेले १०० ठोकळे. रंगीत, अर्धपारदर्शक, जेलीसारखे. नीट पाहिलं तर कोपऱ्यांत खाचा दिसतात, तिथं खुर्चीचे पाय होते.

त्याआधी १९९३ मध्ये लंडनच्या एका अख्ख्या घराची आतली पोकळी तिनं काँक्रीटमध्ये ओतली होती. त्याच वर्षी तिला टर्नर पारितोषिक हा ब्रिटनमधला नावाजलेला कलापुरस्कार मिळाला आणि जानेवारी १९९४ मध्ये ते घराचं शिल्प चक्क पाडलं गेलं. असो.

डोक्यात मात्र भाचीचाच प्रश्न. वस्तू आपण आकारावरून ओळखतो, की ती कामाला येते म्हणून? उपयोग संपला की उरतं ते काय?