पाऊण सुताचे छर्रे आणि आईची परात

सायकल चालवताना उजव्या पायाखाली ‘टक्’ असा आवाज यायला लागला तो गेल्या पावसाळ्यात. चढावर जोर लावला की दर फेऱ्याला एकदा. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पॅडलचे दांडे ज्यावर फिरतात ते फ्रेममधलं बेरिंग, गेला, असं मी ठरवूनच टाकलं. तो उघडून साफ करून घेतला, पैसे मोजले, आणि पुण्याच्या वेताळ टेकडीच्या पहिल्याच चढाला परत ‘टक्’. मग चेनरिंगचे, म्हणजे पुढच्या दातेरी चक्राचे, बोल्ट झाले, सीटची दांडी झाली. एकदा सिग्नलला उभा असताना कंटाळून खाली वाकलो आणि पॅडल धरून हलवलं, तर ते किडक्या दातासारखं डुगडुगलं.

पॅडल शिमानो कंपनीचे, एसपीडी जातीचे, मॉडेल एम-५४०. त्यात बूट खटकन अडकतो आणि तरी याला ‘क्लिपलेस’ का म्हणतात, हे मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. पूर्वी पॅडलवर पाय अडकवायला पिंजरा आणि पट्टा असायचा, त्याला टो-क्लिप म्हणत; तो गेला म्हणून क्लिपलेस. १९८४ साली लूक या फ्रेंच कंपनीने बर्फावरच्या स्कीला बूट अडकवायच्या बाइंडिंगवरून रस्त्याच्या सायकलसाठी असे पॅडल आणले, आणि सायकलपटू बर्नार्ड हिनॉने १९८५ची टूर द फ्रान्स शर्यत तेच वापरून जिंकली. शिमानोची एसपीडी आली १९९०मध्ये. तिचं क्लीट, म्हणजे पॅडलमध्ये अडकणारा धातूचा तुकडा, बुटाच्या तळव्यात आत बुडलेलं असतं, म्हणून सायकल खांद्यावर टाकून चिखलातून चालता येतं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर निम्मी राइड तशीच होते.

चार पावसाळ्यांत मी चेन दर रविवारी पुसली, पॅडलकडे ढुंकूनही पाहिलं नाही. उलट राइडवरून आलो की सायकल सर्व्हिस सेंटरच्या प्रेशरच्या पाण्याखाली धरायचो. सील पावसाचं पाणी अडवतं; तो फवारा थेट अंगावर घ्यायला ते केलेलं नाही.

८ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने (षट्कोनी किल्लीने) उजवं पॅडल काढलं आणि बोटाने फिरवलं. भिरभिर फिरत राहिलं. ‘किती फ्री आहे!’ म्हणून दुकानात लोक खूश होतात, तसा मीही झालो असतो. पण ग्रीस भरलेलं चांगलं पॅडल असं फिरत नाही, जरा जड, लोण्यातून गेल्यासारखं फिरतं आणि थांबतं. माझं फिरत होतं कारण आत ग्रीसच नव्हतं. कानाशी धरलं तर वाळू चाळल्याचा आवाज.

आतला धुरा बाहेर काढायला एक प्लॅस्टिकचं दातेरी टूल लागतं. ते पॅडलच्या कॉलरवर, म्हणजे धुरा आत धरून ठेवणाऱ्या कड्यावर, बसवायचं आणि फिरवायचं. इथे मी माती खाल्ली. डाव्या पॅडलचे क्रँकवरचे, म्हणजे पॅडल ज्या दांड्याला बसतं तिथले, आटे उलटे असतात हे शाळेतल्या सायकलपासून माहीत होतं. उजवं पॅडल म्हणजे सरळ आटे, असं धरून मी पाना डावीकडे दाबला. हलेना. पान्याला पाइप लावला. टूल दात सोडून कर्रर्र करत घसरलं आणि माझी बोटं पॅडलवर आपटली. मग कॉलर पुसून चष्मा लावून पाहिलं, तर तिच्यावर बाण काढून ‘टाइटन’, म्हणजे आवळा, असं स्वच्छ लिहिलेलं, आणि मी त्याच दिशेला जोर लावत होतो. क्रँकवरचे आटे सरळ तिथे आतले उलटे, आणि बाहेर उलटे तिथे आत सरळ, असा हा प्रकार आहे. दुसऱ्या दिवशी टूलच व्हाइसमध्ये (शेगड्यात) पकडलं, कॉलर बाणाच्या उलट सुटेल अशा बेताने पॅडल दोन्ही हातांनी धरून फिरवलं, आणि धुरा सगळ्या पसाऱ्यासकट मुकाट्याने बाहेर आला.

खाली परात ठेवली होती. आई म्हणाली, “अरे, कणकेची आहे ती!” मी म्हणालो, “घासून देतो.”

धुऱ्याच्या बारीक टोकाला ७ चा चेकनट (आवळून ठेवणारा नट), त्याच्यामागे १० चा कोन, म्हणजे छर्रे दाबून धरणारा शंकूसारखा नट. कोन एका पान्याने धरून चेकनट सैल केला आणि पाठोपाठ परातीत टिणटिण सुरू झाली. दोन्ही बाजूंना बारा-बारा, म्हणजे एका पॅडलात चोवीस छर्रे. रॉकेलने धुऊन बाटलीच्या झाकणात मोजले तर तेवीस. अर्धा तास परात, फरशी, चपलांचे तळवे पाहिले. चोवीसावा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला चिकटून बसला होता, आणि त्याच स्क्रूड्रायव्हरने मी बाकीचे शोधत होतो.

छर्रे काळवंडलेले, एक-दोन चपटे झालेले. नवेच टाकायचे ठरवून आमच्या सायकलवाल्या काकांकडे गेलो. अजूनही ते ‘ओव्हरहॉलिंग’ला ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात, आणि कामाचं स्वरूप बघता मला तेच बरोबर वाटतं. त्यांनी फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चक्रातले, छर्रे पुढे केले.

“हे नाही चालणार काका. तीन-बत्तीसांश इंच पाहिजेत.”

“म्हणजे पाऊण सूत. असं सांगा की सरळ!”

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. फ्रीव्हीलचा छर्रा एक सूत, माझा पाऊण, मिलिमीटरमध्ये २.३८. काकांकडे तो नव्हता. शेवटी बेरिंगच्या दुकानात मिळाला. शंभरची पुडी घेतली, कारण चोवीस मोजून द्यायला दुकानदार तयार नव्हता.

बसवणं सोपं. छर्रे बसतात त्या वाटीत ग्रीस भरायचं आणि टूथपिकने एकेक छर्रा त्यात रोवायचा. खरी कसोटी कोनची. कोन बोटाने आवळून, डुगडुग जाईल इतपत आणला आणि वरून चेकनट कसला, तर धुरा जाम. चेकनट कसताना तो कोनला आणखी आत दाबतो. म्हणजे आधी कोन थोडा सैल ठेवायचा. किती थोडा? ते पुस्तकात सापडत नाही. पाव फेरा मागे घेतला तर डुगडुग, त्याच्या निम्मा घेतला तर दाणे टोचल्यासारखं खरखर. सातव्या खेपेला जमलं. तोवर पोहे गार झाले होते.

एक युक्ती काकांनी जाता जाता सांगितली. पॅडलच्या पोकळीत भरपूर ग्रीस भरायचं आणि मग धुरा आट्यांवर फिरवत आत न्यायचा. जायला दुसरी वाट नसल्याने ग्रीस छर्ऱ्यांमधून सीलपाशी बाहेर पडतं. आधी राखाडी, मळकट आलं, मग स्वच्छ, तेव्हा थांबलो. कोन उघडायची वेळ येऊ द्यायची नसेल तर एवढंच दर पावसाळ्याआधी आणि नंतर करायचं.

डावं पॅडल पुढच्या रविवारी पाऊण तासात झालं. बाण तीनदा वाचला.

टकटक गेली. उजव्या कोनवर मात्र नखाला लागतील असे दोन बारीक खड्डे आहेत, ते नव्या छर्ऱ्यांनी भरून येणारे नाहीत, आणि हाताने सावकाश फिरवलं की तिथे किंचित अडकल्यासारखं लागतं. अख्खा धुरा वेगळा मिळतो, तो मागवलाय. परात मी तीनदा घासली, तरी आईने नवीन आणायला लावलीच.