ब्रूम नावाची पिवळी झुडपे

मे महिन्यात वॉशिंग्टन राज्यातल्या महामार्गांच्या कडेला जी पिवळीधमक झुडपे फुलतात, त्यांना इथे सरसकट ‘स्कॉच ब्रूम’ म्हणतात. ही वनस्पती केवळ स्कॉटलंडची नाही. पश्चिम आणि मध्य युरोपात ती सर्वत्र सापडते. तिच्या फांद्यांचे खराटे बांधत, म्हणून लिनीयस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1753 साली तिला स्पार्शियम स्कोपेरियम हे नाव दिले. ‘स्कोपेरियम’मध्ये खराट्याचा लॅटिन शब्द आहे. पुढे लिंक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने ती सायटिसस प्रजातीत नेली आणि आज सायटिसस स्कोपेरियस हेच नाव रूढ आहे. मधल्या काळात सॅरोथॅम्नस हेही नाव चलनात होते, त्यामुळे जुनी पुस्तके चाळणाऱ्याला एकाच झुडपाची तीन नावे भेटतात. शास्त्रीय नाव म्हणजे कायमचे नाव, ही समजूत इथे टिकत नाही.

ब्रूम म्हणवणारी आणखीही झुडपे आहेत. ‘स्पॅनिश ब्रूम’ म्हणजे स्पार्शियम जुन्सियम, अर्थात लव्हाळ्यासारखे, आणि ‘फ्रेंच ब्रूम’ म्हणजे जेनिस्टा मॉन्स्पेसुलाना, म्हणजे माँपेलिये या शहराचे. तिन्हींची फुले तागाच्या फुलासारखी पिवळी असल्याने लांबून फसगत होते, म्हणून मी आधी फांदी हातात घेते. स्कॉच ब्रूमच्या हिरव्या फांदीला पाच कंगोरे बोटांना स्पष्ट लागतात, तर स्पॅनिश ब्रूमची फांदी गोल, गुळगुळीत आणि जवळजवळ निष्पर्ण असते. फ्रेंच ब्रूम मात्र पानांनी भरलेले असते आणि त्याची फुलेही लहान असतात. स्कॉच ब्रूमच्या फुलावर मधमाशी बसली की तिच्या भाराने खालच्या पाकळ्या फाटकन उघडतात, पुंकेसर उसळून परागकण तिच्या अंगावर उडतात आणि लांब कुक्षिवृंत, म्हणजे स्त्रीकेसराचा दांडा, स्प्रिंगसारखा गुंडाळला जातो. उन्हाळ्यात काळ्या पडलेल्या शेंगाही अशाच तडकून बिया दूर फेकतात. वॉशिंग्टनच्या उत्तरेला कॅनडातल्या व्हँकूव्हर बेटावर 1850 साली शोभेसाठी लावलेले हे झुडूप आता या किनारपट्टीवर उपद्रवी तण ठरले आहे.

‘बुचर्स ब्रूम’ तर शेंगांच्या कुळातलेही नाही. ते रस्कस अ‍ॅक्युलिएटस असून शतावरीचे नातलग आहे आणि त्याला लाल फळे येतात.

उटीच्या परिसरात ब्रिटिशांनी नेलेले स्कॉच ब्रूम आणि गॉर्स, म्हणजे युलेक्स युरोपियस, ही दोन्ही झुडपे रानात पसरली आहेत. तिकडे पिवळे झुडूप दिसले तर जरा जपूनच हात लावावा, कारण गॉर्स काट्यांनी भरलेले असते आणि ब्रूमला काटा नसतो.