औष्णिक

सोमवार

दुपारी पुरवणीच्या संपादकबाईंचा फोन आला. "लेख छान झालाय हो, पण मला कळला नाही."

मी ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. टपरीवरचा पोऱ्या चहाची किटली घेऊन वर येत होता, त्याला वाट दिली आणि विचारलं, नेमकं काय कळलं नाही?

"पहिला आलेला माणूस जिंकत का नाही, ते."

खरं सांगायचं तर चूक माझीच. ग्लायडरच्या, म्हणजे इंजिन नसलेल्या विमानांच्या, शर्यतींवर तीन हजार शब्द लिहून दिले होते. १९३७ साली जर्मनीत वासरकुप्पेच्या डोंगरावर झालेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेपासून सुरुवात, मग पंखांची लांबी, ढगांचे प्रकार, गुणांचं सूत्र, सगळं यथासांग. आणि आधी पोचलेला हरू शकतो, ही गोष्ट जाता जाता एका कंसात. वाचकाला जिथे ठेच लागणार, नेमका तिथेच अंधार.

साडेआठशे शब्दांत बसवा म्हणाल्या. तीन हजारांचे साडेआठशे! हो म्हटलं. काय करणार, या विषयावर मराठीत कोणी विचारतं कुठे?

बुधवार, रात्री

मुलुंडहून सकाळच्या गाडीत उभ्या उभ्या मोबाइलवर कापाकापी केली. वासरकुप्पे पहिल्याच झटक्यात गेलं. वाईट वाटलं, पण ठाण्यापुढचं कोणी ते वाचून काय करणार होतं?

आता मांडणी अशी केली आहे. बहुतेक स्पर्धांत सगळी ग्लायडरं एका शिट्टीला निघत नाहीत. दोरीने ओढणारं विमान एकेकाला वर सोडून येतं, मग सुरुवातीची रेषा उघडते आणि ती कधी ओलांडायची ते ज्याचं त्याने ठरवायचं. घड्याळ तेव्हापासून चालू. म्हणून एक वाजता निघून चार वाजता परतलेल्यापेक्षा दीडला निघून सव्वाचारला परतलेला सरस. मागाहून निघणाऱ्याला आणखी एक फायदा असतो. पुढे गेलेले कुठे गिरक्या घेतायत ते दिसतं, म्हणजे तिथे वर चढणारी हवा आहे. त्यामुळे सगळेच एकमेकांच्या तोंडाकडे बघत घिरट्या घालत बसतात, पहिल्यांदा कोणी जायचं नाही. लग्नाच्या पंगतीत पहिल्या पानावर बसायला जसं कोणी तयार नसतं, तसंच. ग्रां प्री नावाचा एक प्रकार आहे, त्यात मात्र सगळे एकदम सुटतात आणि पहिला आला तो पहिला. २००५ पासून जागतिक पातळीवर चालू आहे. बघणाऱ्याला तो सोपा, पण मला जुना प्रकारच आवडतो. त्यात लबाडी जास्त आहे.

इंजिन नसताना पडत कसं नाही, हा बाईंचा दुसरा प्रश्न. पडतंच. फक्त फार सावकाश, आणि पडता पडता पुढे जातं. चांगलं शर्यतीचं ग्लायडर एक मीटर खाली येईस्तोवर पन्नास मीटर पुढे गेलेलं असतं. म्हणजे सीएसएमटीवर एक किलोमीटर उंची द्या, वारा नसेल तर डोंबिवलीपर्यंत येईल. मध्ये वर चढणारी हवा मिळाली की तिच्यात गोल गोल फिरून उंची कमवायची आणि पुढे जाऊन खर्चायची. हे वाक्य लिहिल्यावर पहिल्यांदा वाटलं की लेख होईल.

हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये कॉलेजात असताना चारदा बसलो होतो, पुढच्या सीटवर, मागे प्रशिक्षक. विंचने, म्हणजे जमिनीवरच्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, दोरी ओढली की पाठ सीटला चिकटते, मिनिटभरात दोर सुटतो आणि मग एकदम शांतता, नुसता वाऱ्याचा आवाज. आणि व्हेरिओ नावाचं ते यंत्र. हवा वर चढत असली की ते टीप-टीप करतं. जितकी जोरात चढते तितकी टीप-टीप घाईने, वरच्या पट्टीत. तिसऱ्या खेपेला ते असं काही किंचाळलं की मागून सर म्हणाले, "वळव, वळव, काय बघत बसलायस!" तो आवाज अजून कानात आहे. लेखात घातला. चार ओळी लागल्या, पण हे कापणार नाही.

शुक्रवार

आईला वाचून दाखवला. कांदे चिरत होती. पाण्याच्या परिच्छेदावर थांबवलं.

"पाणी कशाला नेतात म्हणालास?"

पंखांत दीडशे-दोनशे लिटर पाणी भरतात, म्हटलं. वजन वाढलं की तेवढ्याच उतारावरून जास्त वेगाने जाता येतं. वर चढायला मात्र जड पडतं. हवा पडली, ढग विरले, की सोडून द्यायचं. उतरण्याआधीही सोडतात.

"म्हणजे ओझं मुद्दाम घ्यायचं आणि नको झालं की टाकायचं." सुरी परत चालू. "बरंय त्यांचं."

तिचं वाक्य जसंच्या तसं घातलं.

सगळ्यात जड गेला तो मॅक्रेडीचा परिच्छेद. पॉल मॅक्रेडी, अमेरिकन, १९५६ साली फ्रान्समध्ये जगज्जेता झाला. (माणसाने पेडल मारून चालवायचं जे विमान १९७९ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडून गेलं, तेही त्याचंच. पण तो वेगळा लेख.) व्हेरिओच्या तबकडीभोवती त्याने एक फिरती कडी बसवली. पुढे जी चढ (म्हणजे वर चढणाऱ्या हवेचा जोर) मिळेल असं वाटतं तिच्यावर कडी लावायची आणि आत्ता किती वेगाने जायचं ते कडी सांगते. पुढे जोरदार चढ असेल तर बिनधास्त पळ, गेलेली उंची भरून निघेल. पुढे काही भरवसा नसेल तर जपून. आणि याचीच दुसरी बाजू: हातातली चढ पुढच्या अपेक्षेपेक्षा मंदावली, की वर जागा शिल्लक असली तरी सोडायची. नवख्याला तेच जमत नाही. मिळतंय ना, मग अजून थोडं, अजून थोडं.

अंदाज चुकला तर रात्री कुठल्या तरी शेतात. मग मित्रांनी ट्रेलर घेऊन यायचं, पंख काढायचे, शेतकऱ्याची समजूत काढायची.

साडेआठशे नाही, नऊशे चाळीस झाले. पाठवून दिला.

रविवार

आला. पाचव्या पानावर, खाली.

मथळा चालेल. फोटो पॅराग्लायडरचा. रंगीत छत्री, खाली लोंबकळणारा माणूस. ठीक आहे, होतं असं. पण आत बघतो तर ‘थर्मल’, म्हणजे ती वर चढणारी हवा, जिथे जिथे होतं तिथे ‘औष्णिक’. "वैमानिक औष्णिक शोधत फिरतो." "एका औष्णिकातून दुसऱ्या औष्णिकात." मला कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या. मुद्रितशोधकाचा हेतू चांगलाच असणार, मराठी शब्द असताना इंग्रजी कशाला. पण मग ‘चढती हवा’ तरी म्हणायचं होतं. मीच तसं लिहायला हवं होतं, हे मला सकाळी सव्वासातला बिल्डिंगखाली पेपर उघडून उभा असताना सुचलं.

आणि मॅक्रेडी गायब. अख्खा परिच्छेद. त्याच्या जागी गाद्यांची जाहिरात.

बाईंना मेसेज केला, आभार मानले. औष्णिकाबद्दल काही बोललो नाही. त्यांनी अंगठा पाठवला. दुपारपर्यंत तीन फोन. मामा म्हणाला, मस्त लिहिलंयस, पण वीजनिर्मितीचा काय संबंध? ऑफिसातल्या एकाने विचारलं, कामशेतला पॅराग्लायडिंगचे किती घेतात. तिसरा फोन खरंच चांगला होता: कोणीतरी शाळेतल्या मुलीला वाचून दाखवला आणि तिला टीप-टीप आवडली म्हणे.

बुधवार

सुट्टी होती. अकराच्या सुमारास आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. हाक मारली. समोरच्या टॉवरच्या गच्चीवर एक घार गोल फिरत होती, पंख न हलवता, शेपूट तेवढी एकदा इकडे, एकदा तिकडे. बघता बघता पाण्याच्या टाकीच्या वर, मग टाकी खाली राहिली. आई चिमटे हातात धरून बघत होती.

मग घार वळणं सोडून सरळ निघाली, येऊरच्या डोंगराकडे.

"अरे, अर्ध्यातूनच निघाली. वर जात होती की अजून."

"चढायची हळू झाली होती," म्हटलं.

"म्हणून सोडायचं?"

"पुढे बरी हवा असेल असं वाटलं असेल तिला."

आईने डोळ्यांवर हात धरला. घार डोंगरापाशी पोचता पोचता बरीच खाली आली होती. वाटलं गेली आता झाडांत. तेवढ्यात एक पंख कलला आणि ती परत फिरायला लागली, आधीपेक्षा घाईने वर.

"हे लेखात का नाही लिहिलंस?" आई म्हणाली.