पाबळचं अंडी उबवणारं खोकं

पाबळला बहुतेक लोक मस्तानीची कबर बघायला जातात. आम्हीही गेलो, थोडा वेळ उभे राहिलो आणि निघालो. हे लिहायला बसले आहे ते त्यानंतरच्या दुपारसाठी. त्याआधीच्या शिवनेरी, लेण्याद्री, ओझरचे फोटो घरच्या ग्रुपवर आहेत, ते तिथेच राहू देत. लेण्याद्रीला सुट्टीच्या दिवशी जाऊ नका, एवढंच सांगते. गर्दीचा रेटाच असा असतो की लेण्यांसमोर दोन क्षण थांबता येत नाही, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटलं.

गाडीत दादा, वहिनी, नववीतला भाचा आणि मी. दादाचं घर नगर रोडला. नारायणगावहून परतताना चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकायची त्याची अजिबात तयारी नव्हती, म्हणून राजगुरुनगरला डावीकडे वळून कनेरसर, पाबळ, केंदूर, शिक्रापूर असा रस्ता ठरला. मी लगेच म्हटलं, पाबळवरून जातोच आहोत तर विज्ञान आश्रम बघू. कित्येक वर्षांपासून मनात होतं. आदल्या दिवशी फोन करून ठेवला होता, तुम्हीही तसंच करा. तिथे मुलांचे दिवसभराचे तास चालू असतात, आपण मध्येच जाऊन उभं राहणं बरं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लीव्हरमध्ये मोठ्या हुद्द्यावर संशोधन करत होते. अमेरिकेत डॉक्टरेट केलेला हा माणूस नोकरी सोडून 1983 साली पाबळला आला, ते पत्नी मीराताईंसह कायमचा. मुद्दाम कोरडवाहू, पाण्याची वानवा असलेलं गाव निवडलं. इथे जे जमेल ते कुठेही जमेल, असा हिशेब. शाळेत न टिकलेली मुलं बुद्धीने कमी नसतात, हाताने काम करताना डोकं चालतं, ही त्यांची पक्की धारणा होती. त्यातून एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम उभा राहिला: वेल्डिंग-सुतारकामापासून शेती, पशुपालन, वीज, स्वयंपाकघर आणि आरोग्यापर्यंत. आठवी झालेला मुलगाही येऊ शकतो. 2003 साली कलबाग गेले, काम चालू आहे.

आवारात शिरताना आधी दिसतात ते घुमट. लोखंडी सांगाड्यावर जाळी आणि सिमेंटचा पातळ थर देऊन केलेली ही घरं ‘पाबळ डोम’ म्हणून ओळखली जातात. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तिकडेही ती बांधली गेली. जुन्या जीपचे भाग वापरून इथे ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टरही तयार झाला होता. आणि 2002 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने इथे फॅब लॅब, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेला आराखडा मशिनवर प्रत्यक्ष बनवून बघायची कार्यशाळा, सुरू झाली, जगातल्या अगदी पहिल्या काही फॅब लॅबपैकी एक. आता असल्या प्रयोगशाळा जगभर दोन हजारांच्या वर आहेत. घानामधल्या टाकोराडीच्या तंत्रशाळेत 2004 साली एक निघाली, त्याच्याही आधी पाबळला होती. आपल्याकडे हे किती जणांना ठाऊक आहे? मला तर याचा जाहीर अभिमान वाटतो.

लॅबमध्ये लेझर कटर, थ्रीडी प्रिंटर, सर्किट कोरायचं छोटं मशीन असं सगळं होतं. भाचा तिकडे धावला. मी मात्र कोपऱ्यातल्या एका टेबलापाशी थांबले आणि पुढचा सगळा वेळ तिथेच गेला.

टेबलावर थर्माकोलचं मोठं खोकं होतं. झाकणाला काच बसवलेली, आत एक पिवळा बल्ब, कॉम्प्युटरमधून काढलेला पंखा, पाण्याची थाळी आणि जाळीच्या ट्रेमध्ये ओळीने मांडलेली अंडी. बाहेरच्या बाजूला एक आर्डुइनो (प्रोग्रॅम भरून यंत्रं चालवायचा छोटा सर्किट बोर्ड), एक रिले (त्या बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारं बटण) आणि वायरींचा गुंता. त्यापुढे अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा वहीत काहीतरी लिहीत बसला होता. मी विचारलं, “काय करतोयस?” त्याने वर न बघताच सांगितलं, “थांबा ताई, दोन मिनटं. रीडिंग घेतोय.”

रीडिंग झाल्यावर मात्र त्याने जे सांगायला सुरुवात केली ते थांबेचना. कोंबडी खुडूक बसली की आठवडेच्या आठवडे अंडी देत नाही, आणि एका वेळी दहा-बारा अंडीच नीट झाकते. म्हणून हे खोकं. आत साडेसदतीस अंश लागतात, एकवीस दिवस. अर्धा अंश इकडेतिकडे चालतं, दोन अंश वाढले तर पिल्लू आतल्या आत मरतं. पहिले अठरा दिवस अंडी दिवसातून बरेचदा फिरवावी लागतात, नाहीतर पिल्लू कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतं. शेवटचे तीन दिवस मात्र फिरवायचं नाही, फक्त दमटपणा वाढवायचा. अंडी फिरवायला त्याने भंगारातल्या मायक्रोवेव्हची मोटर वापरली होती, आतली काचेची थाळी फिरवणारी. ती मुळातच सावकाश फिरते, त्यामुळे वेगळे गिअर लावायची गरज नाही. ट्रे आधी एका बाजूला कलतो, मग दुसऱ्या.

“बल्ब मिळवताना लई फिरलो,” तो म्हणाला. “आता सगळीकडं एलईडी. त्यात उजेड पडतो, ऊब नाही. शिक्रापूरला एका जुन्या दुकानात पिवळे सापडले, मग सहा घेऊन ठेवले.”

सगळ्यात मोठी अडचण तापमान मोजणाऱ्या सेन्सरची झाली होती. पहिल्या खेपेला त्याने डीएचटी 11 लावला, बाजारात मिळणारा सगळ्यात स्वस्त. स्क्रीनवर बरोबर साडेसदतीस दिसायचं आणि पिल्लं मात्र निघाली मोजकीच. कारण कळेना. मग त्याने आरोग्याच्या तासाला वापरतात तो ताप बघायचा थर्मामीटर खोक्यात ठेवला. फरक दीड अंशाच्या वर! त्या सेन्सरच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की दोन अंशांची चूक होऊ शकते. खोलीचं तापमान सांगायला तो पुरतो, अंडी उबवायला नाही. त्याने ते माहितीपत्रक मोबाईलवर काढलं, शब्द अडला की भाषांतर करून बघितला, आणि शेवटी थोडा महाग पण अर्ध्या अंशापर्यंत नेमका असलेला सेन्सर आणला. हे सगळं त्याने तारखांसकट वहीत लिहून ठेवलं होतं. शेजारच्या पानावर खर्चाचा तक्ता. प्रत्येक वस्तूची किंमत, वीज किती जळाली, स्वतःची मजुरी किती, सगळं. खालची बेरीज 1,840 रुपये. “बाजारात असलं यंत्र पाच-सहा हजारांच्या खाली नाही,” तो म्हणाला. आश्रमात प्रत्येक कामाचा असा हिशेब मांडायला लावतात, आणि मला ती सवय यंत्राइतकीच मोलाची वाटली.

आर्डुइनो स्वस्त का मिळतो हेही त्याला माहीत होतं. 2005 साली इटलीतल्या इव्रेआ गावात शिक्षकांनी विद्यार्थ्यांसाठी तो बनवला आणि त्याचा आराखडा सगळ्यांसाठी खुला ठेवला. म्हणून कुणीही तसाच बोर्ड बनवू शकतं आणि पुण्यात तापकीर गल्लीत तीन-चारशे रुपयांत तो मिळतो. एक जळाला तर दुसरा आणता येतो. “एक जाळलाच मी,” त्याने सरळ सांगितलं. “उलटी वायर जोडली. धूर निघाला. सर म्हणाले, आता लक्षात राहील.”

एवढ्यात दादा आला. त्याने खोकं बघितलं, कौतुकाने मान हलवली, आणि विचारलं, “वा! दहावीला किती पडले?”

तो मुलगा म्हणाला, “दहावी नाही काका. आठवीनंतर शाळा सुटली.”

“अरेरे,” दादा म्हणाला.

दादाचा स्वभाव वाईट नाही. लोकांच्या अडीअडचणीला सगळ्यात आधी धावणारा तो माणूस आहे. पण ते ‘अरेरे’ ऐकून माझ्या अंगाची लाही झाली. समोर अंड्यात जीव धरतोय की नाही हे बघणारा मुलगा, त्याच्या हातात दोन महिन्यांची वही, आणि आपल्याला हवा असतो एक आकडा, तोही शाळेतला. तो मुलगा काही दुखावल्यासारखा दिसला नाही. हे त्याने अनेकदा ऐकलेलं असणार, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

त्याने स्वतःहूनच सांगितलं मग. घर बीडकडे. आईवडील ऊसतोडीला जायचे, मुकादमाकडून उचल घेतलेली. दिवाळीनंतर सगळं घर कारखान्यावर, परत येईपर्यंत शाळेचं वर्ष संपत आलेलं. लहानपणी आजीपाशी राहिला, आजी गेल्यावर तेही संपलं. “वर्गात बसलो की मागचं काहीच माहीत नसायचं,” तो म्हणाला. “मग जायचंच बंद केलं.”

मला तेव्हा मलावीचा विल्यम काम्क्वाम्बा आठवला. 2001-02 चा दुष्काळ, फी भरता न आल्यामुळे शाळा सुटली, वय चौदा. गावच्या छोट्या वाचनालयातलं एक पुस्तक बघून त्याने सायकलचे भाग, ट्रॅक्टरचा पंखा आणि निलगिरीचे वासे जोडून पवनचक्की उभी केली आणि घरात दिवा लावला. त्याची गोष्ट आपण भाषणांत सांगतो, मुलांना ऐकवतो. तसलाच मुलगा बीडहून येऊन पाबळला बसला की त्याला मार्क विचारतो.

त्या सगळ्यात एक चांगलं झालं. भाचा माझ्या मागे येऊन उभा होता. त्याच्याकडे घरी रोबोटिक्सचा महागडा संच आहे. त्यातले भाग एकमेकांत खटकन बसतात, चुकीचे बसूच शकत नाहीत. त्या मुलाने त्याला विचारलं, “सोल्डर मारलंय का कधी?” नाही म्हटल्यावर सोल्डरिंग गन त्याच्या हातात दिली. पहिला डाग गोळा होऊन राहिला, दुसरा शेजारच्या पायाला चिकटला. “आधी तार गरम कर, मग शिसं लाव. शिसं गरम करून तारेवर ठेवू नको,” एवढंच तो सांगत होता, हातातून काही काढून घेत नव्हता. पाचव्या-सहाव्या डागाला जमलं. नववीतल्या मुलाचा चेहरा मी एवढा एकाग्र झालेला बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. क्लासच्या टेस्टचा अभ्यास करताना तर कधीच नाही.

मग खोलीतला दिवा बंद करून त्याने मोबाईलची बॅटरी एका अंड्याखाली धरली. सातवा दिवस होता. आत लाल शिरांचं जाळं आणि मध्ये हलणारा काळा ठिपका. वहिनी पटकन खाली वाकून बघायला लागली, आणि दादाही.

जेवण आश्रमातच झालं: भाकरी, आमटी, शेंगदाण्याची चटणी. मुलांनीच रांधलेलं, आणि आपापली ताटं आपणच घासायची. पाहुणे म्हणून आमची वेगळी सरबराई कुणी केली नाही. मला असं आतिथ्य फार आवडतं. मोठ्या रिसॉर्टमध्ये मागेपुढे करणाऱ्या वेटरपेक्षा मला इथे जास्त मोकळं वाटलं.

केंदूरच्या रस्त्यावर गाडीत आमचं वाजलं. दादा म्हणाला, “हे सगळं ठीक आहे, पण उद्या नोकरीला गेला तर कागद कोण बघणार नाही?” मी म्हटलं, त्याचा कोर्स राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने (एनआयओएस) मानलेला आहे, आणि तो स्वतःच दहावीचा फॉर्म भरणार आहे, मला सांगितलंय त्याने. “मग झालं तर!” दादा म्हणाला. मला ते ‘झालं तर’ पटलं नाही. फॉर्म भरला नसता तर त्या खोक्याची किंमत कमी झाली असती का? शिक्रापूर येईपर्यंत आम्ही भांडत होतो. दादाच्या काळजीत तथ्य आहे हे मी मान्य करते. कागदावाचून अडणारी दारं आपल्याकडे भरपूर आहेत. पण ती दारं कोणी बांधली, हा प्रश्न त्याने मला विचारू दिला नाही.

भाच्याने त्या मुलाचा नंबर घेतला होता. दोन-तीन आठवड्यांनी त्याच्या मोबाईलवर लांबलचक मेसेज आला. छत्तीस अंडी, त्यातली पाच मुळात फळलेलीच नव्हती, बावीस पिल्लं निघाली. उरलेली नऊ त्याने फोडून बघितली. दोन लवकर मेलेली, सात मात्र पूर्ण वाढलेली, चोच टोचायच्या बेतात असताना गेलेली. म्हणजे तापमान बरोबर होतं, शेवटच्या तीन दिवसांत दमटपणा कमी पडला. पिल्लं बघायला मुलं सारखं झाकण उघडत होती, त्यात वाफ उडून गेली. आता त्याने पाण्याची दुसरी थाळी ठेवली आहे आणि झाकणाला खिट्टी बसवली आहे. वीज गेली तर म्हणून मोटरसायकलची जुनी बॅटरी जोडायचं चाललंय, पण ती बल्ब किती वेळ ओढेल याचा हिशेब जुळत नाहीये.

भाच्याने त्याला उलट विचारलं, “साठ वॅटच्या एका बल्बऐवजी चाळीसचे दोन लावले तर? लाईट गेल्यावर एकच चालू ठेवायचा.” उत्तर आलं, “करून बघतो. पुढची अंडी सोमवारी लावतोय.”