खण ३१ ने केलेला घात आणि आप्पांचा प्रायव्हेट नंबर

आजची पातळी: आयर्विन ४३. इशाऱ्याच्या वर, धोक्याच्या खाली. (नव्यांसाठी: वहीतली उघडी कामं रोज रात्री मोजते. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर ४० फुटांना पुराचा इशारा आणि ४५ ला धोका, तेच माप मी उचललंय. सांगलीकराला याहून जास्त समजवावं लागत नाही.)

मागच्या वेळी खोक्याचं इतकं कौतुक केलं होतं की हे लिहायला जिवावर आलंय. त्रेचाळीस खणांचं ते खोकं, ३१ दिवसांचे आणि १२ महिन्यांचे: कामाची चिठ्ठी ज्या त्या तारखेच्या खणात टाकायची, ती त्या दिवशी समोर येते. मार्केट यार्डातून आणलेला बेदाण्याचा पुठ्ठा कापून केलेलं, अजून झाकण उघडलं की गोडसर वास येतो. मधले पडदे जुन्या लग्नपत्रिकांचे. विकतच्या इंडेक्स कार्डांवर पैसे घालू नका असं मी आजही सांगेन, पत्रिकेइतका जाड कागद त्या भावात मिळत नाही. माझ्या १४ तारखेवर अर्धवट कापलेलं ‘चि. सौ. कां.’ दिसतं आणि २२ वर नुसताच गणपती. तीन महिने खोकं झकास चाललं. लाईट बिल, स्कूटरची पीयूसी, चिरंजीवांची सहलीची वर्गणी, सगळं आपापल्या तारखेला वर आलं.

मग १ डिसेंबरची सकाळ. रोजच्यासारखा कालचा पडदा मागे टाकायला गेले, तर ३० च्या मागे ३१ चा खण, आणि त्यात एक चिठ्ठी. माझंच अक्षर: ‘आप्पा, हयातीचा दाखला, महिनाअखेर.’ (आप्पा म्हणजे माझे सासरे, आणि दाखला म्हणजे पेन्शन चालू राहायला दर नोव्हेंबरात द्यायचा तो.)

नोव्हेंबरला ३१ तारीख नसते.

१ नोव्हेंबरला महिन्याचा खण रिकामा करून चिठ्ठ्या दिवसांत वाटल्या तेव्हा ‘महिनाअखेर’ वाचलं आणि हात सवयीने शेवटच्या खणाकडे गेला. ३० तारखेच्या रात्री खोकं मला म्हणालं, सगळं झालं, झोप. मी झोपले. छान झोपले, हेच जास्त लागतंय.

आणि कहर म्हणजे मी बँकेत काम करते. मिरजेच्या शाखेत नोव्हेंबरभर माझ्या काउंटरसमोर पेन्शनरांची रांग होती. दुसऱ्यांचे सासरे मी महिनाभर हयात करत होते. आप्पांना मीच म्हटलं होतं, “पहिल्या आठवड्यात गर्दी असते, तुम्ही येऊ नका, शेवटी मी बघते.”

सांगायला गेले तेव्हा ते गॅलरीत पेपर वाचत होते. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “म्हणजे कागदावर मी कालपासून नाही म्हण की.” मग पेपराची घडी घालून, “चहा तरी मिळंल का?”

तांत्रिक भाग थोडक्यात, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आप्पांच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, त्यामुळे मागच्या वर्षीपर्यंत हेलपाटेच होते. आता जीवन प्रमाणचं, म्हणजे डिजिटल हयातीच्या दाखल्याचं, काम फोनवर चेहरा दाखवून होतं, २०२१ पासून ती सोय आहे. संध्याकाळी घरी आल्यावर बसलो. ट्यूबलाईटची तिरीप चष्म्यावर येत होती म्हणून दोनदा फसलं, तिसऱ्यांदा चष्मा काढून, खिडकीकडे तोंड करून, डोळे मिचकावून झालं. प्रमाण आयडीचा मेसेज आला. नुकसान काही नाही, पेन्शन थांबली असती तरी दाखला दिल्यावर मागच्या रकमेसकट चालू होते. हे मी दुसऱ्यांना दिवसातून दहादा सांगते. घरच्या माणसाला सांगताना आवाज बसला.

३१ चं दुखणं दोन मिनिटांत मिटलं. ‘महिनाअखेर’ नावाचा वेगळा पडदा २८ च्या आधी घातला, फेब्रुवारीसकट प्रश्न संपला. चिरंजीवांनी मुठीवर महिने मोजायचं शाळेतलं ज्ञान मला परत शिकवलं: टेंगळावर ३१, खळीत ३०. “आई, तू बँकेत आहेस ना?” असंही विचारलं.

खरं कोडं वेगळंच आहे, आणि आठवडाभर मी त्याच्याशीच झुंजतेय. महिनाभर तो दाखला मला एकदाही आठवला कसा नाही? रोज तेच काम हातात होतं!

माझा अंदाज असा. अर्धवट कामं डोक्यात टोचत राहतात, हे ब्लुमा झायगार्निक यांनी १९२७ मध्येच मांडलं होतं. पण २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांना पुढचं दिसलं: काम पूर्ण व्हायची गरज नसते, ते कधी आणि कसं करायचं याचा पक्का बेत झाला तरी टोचणी कमी होते. आपण खोकी-वह्या करतो त्या यासाठीच. पण याची उलटी बाजू आपण कुणी बोलत नाही. चिठ्ठी खणात गेली त्या क्षणी माझ्या डोक्याने हात झटकले. खोकं चुकलं तर मागे कुणीच नाही. पूर्वी निदान मी रात्री दोनला दचकून उठायचे. आता दचकणारंसुद्धा कुणी उरलं नव्हतं.

म्हणजे दुसरा पहारेकरी हवा. पहिला विचार: फोनवर गजर. करून पाहिलं, दोन दिवसांत एकवीस गजर झाले, सगळे अंगठ्याने उडवले. रद्द.

दुसरा विचार: नवऱ्याने रोज रात्री खोकं बघावं. त्याने मनापासून होकार दिला, आणि चौथ्या दिवशी विचारलं, “आज बघायचंय का?” इथे मी वही उघडून बसले. ॲलिसन डॅमिंगर या समाजशास्त्रज्ञांचा २०१९ चा अभ्यास मागे कधीतरी वाचला होता. घरच्या डोक्याच्या कामाचे त्यांनी चार तुकडे पाडलेत: गरज आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं, आणि झालं का यावर लक्ष ठेवणं. त्यांनी बोलतं केलेल्या जोडप्यांत ठरवणं बऱ्यापैकी दोघांचं होतं, पहिला आणि शेवटचा तुकडा मात्र जास्त करून बाईकडे. मी आमच्या घरची २६ कामं चार रकान्यांत मांडली. ‘ठरवणं’मध्ये नवऱ्याची आद्याक्षरं चांगली भरपूर. ‘ओळखणं’मध्ये दोन, दोन्ही गाडीच्या सर्व्हिसिंगची. ‘लक्ष ठेवणं’ कोरं. त्याला दाखवलं तर बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, “पण तू सांगितलेलं मी सगळं करतो.” करतो, खोटं नाही. पण सांगणारी मी, आणि झालं का विचारणारीही मी.

(मधेच वहीबद्दल. हे रकाने ऑनलाइन मागवलेल्या ठिपक्यांच्या वहीत आखले. १०० जीएसएम, म्हणजे जाड कागदाची, म्हणून विकली होती, पण कॅम्लिनची रॉयल ब्लू मागच्या पानावर उतरली. हरभट रोडवरच्या माझ्या नेहमीच्या दुकानातली लाल कापडी बांधणीची चोपडी तिच्या निम्म्या किमतीत शाई पिते, पण सांडत नाही. ठिपके नाहीत, तर नाहीत. पुढची वही चोपडीच.)

तोडगा निघाला तो आप्पांकडून, रविवारी भडंग खाताना. ते रेल्वेत स्टेशन मास्तर होते. माझे चार रकाने बघून म्हणाले, “ह्यात प्रायव्हेट नंबर कुठाय?”

गेटमनला फोन केला, “गाडी येतेय, फाटक बंद कर,” तर तो नुसता “हो साहेब” म्हणून चालत नाही. त्याच्याकडे दोन आकडी नंबरांचा छापील कागद असतो, क्रम नसलेला. त्यातला पुढचा नंबर तो सांगायचा, मास्तर रजिस्टरला लिहून घ्यायचा, आणि वापरलेल्या नंबरावर काट मारायची. मी त्यातून एवढंच घेतलं: नंबर आला म्हणजे ऐकलंय, समजलंय, आता जबाबदारी त्याची. “‘हो’ झोपेतपण म्हणता येतंय. नंबर सांगायला कागदाकडं बघावं लागतंय.”

मी हातातलं भडंग खाली ठेवलं.

सोमवारपासून आमच्याकडे तीन कागद आहेत: नवरा, चिरंजीव, आप्पा. मी काम सोपवलं की समोरच्याने आपल्या कागदावरचा नंबर द्यायचा, मी चोपडीत लिहायचा. नंबर पडला की ते काम माझ्या पातळीतून वजा. गॅस बुकिंग: ६७. ट्यूशनची फी: १९. पहिल्याच दिवशी आयर्विन ४६ वरून ४१ वर उतरला, तोही मी एकही काम न करता. नवऱ्याने ६७ इतक्या गंभीरपणे सांगितला की मला हसू आवरेना. पण गॅस आला. मी विचारलं नव्हतं.

बुधवारी चिरंजीवांनी दप्तरासाठी १२ दिला आणि दप्तर भरलंच नाही. सकाळी पावणेसातला कंपासपेटी शोधताना घर डोक्यावर. आप्पांनी दाराशी उभं राहून निकाल दिला, “फाटक उघडं ठेवून नंबर दिला. रेल्वेत ह्याला चार्जशीट मिळतंय.”

त्यावरून लिहिता लिहिता सुचतंय: मी नंबर चुकीच्या जागी घेतेय. गेटमन नंबर देतो तो फाटक लावून झाल्यावर. मी घेतेय तो काम ऐकल्यावर. ऐकल्यावर घेतला तर माझं डोकं हलकं होतं, पण फाटक उघडंच राहू शकतं. झाल्यावर घेतला तर नंबर येईपर्यंत ते काम माझ्याच पातळीत, आणि मग फरक काय पडला? दोन नंबर घ्यावेत, घेताना एक आणि झाल्यावर एक, असा विचार होता. आप्पा म्हणतात कागद लवकर संपतील. मला वाटतं, छोट्या कामांना झाल्यावरचा एकच, आणि तारखेच्या कामांना दोन. हयातीच्या दाखल्याला मात्र तीन, माझ्यासकट.

ओळखण्याचा रकाना अजून जसाच्या तसा आहे. नंबर मागायला आधी काम कुणालातरी दिसावं लागतं, आणि ते दिसतं मला. त्यावर तुम्हाला काही सुचलं असेल तर सांगा. मी एवढंच केलंय की रविवारी खोक्याचा पुढचा आठवडा मी उघडायचा नाही, नवऱ्याने उघडायचा, मी चहा करेपर्यंत. गेल्या रविवारी त्याने २० तारखेच्या खणात स्वतःहून एक चिठ्ठी टाकली. काय आहे ते बघितलेलं नाही. दोनदा झाकणापर्यंत हात गेला होता.

नंबरांचे नवे कागद आप्पा हाताने लिहितायत, शंभरातले आकडे उलटेसुलटे, पट्टीने रेघा मारून. संगणकावर दोन मिनिटांत काढून देते म्हटलं तर नको म्हणाले. डिसेंबरचे झालेत, जानेवारीचे निम्मे.